दोनशे चोवीस धक्के

सोमवार, २ मार्च

सकाळी सरांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती उभे केले. बसायला सांगितले नाही, म्हणजे बातमी वाईट नसावी. वाईट बातमी ते बसवून देतात.

आमचा गेम जी कंपनी विकणार आहे तिने अट घातली आहे. गेममधल्या बाजारात सगळे एकतर पुरुष आहेत नाहीतर बायका; त्यात एक तृतीयपंथी पात्र हवे. तेही मनाने रचलेले नको. त्या समाजातल्या माणसाला बोलावून त्याच्या खऱ्या हालचाली टिपून घ्यायच्या, म्हणजे जाहिरातीत तसे लिहिता येईल. परवापासून तीन दिवस एक व्यक्ती येणार आहे.

टिपताना नोंदी ठेवायचे काम माझ्याकडे आले. स्प्रिंग म्हणाला, शुद्धलेखनला बसवा, तो त्यांचे श्वाससुद्धा मोजेल. सगळे हसले. स्प्रिंग म्हणजे आमच्याकडे पात्रांना हलवणारा. त्याच्या हातून गेलेले प्रत्येक पात्र उसळत चालते. शुद्धलेखन म्हणजे मी.

दादा परवा त्याच्या मित्राला सांगत होता की हा दिवसभर गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो. तसे नाही. मी चुका शोधतो. भिंतीला अंग घासत पूर्ण बाजार फिरतो, कुठे भिंतीतून हात आरपार जातो का ते बघतो. सापडलेल्या चुकीला बग म्हणतात. प्रत्येक बगला क्रमांक देऊन लिहायचे: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. शेवटी दर्जा, एक ते चार. एक म्हणजे असा गेम बाहेर जाऊच शकत नाही. चार म्हणजे चालून जाईल. मी अकरावीत शाळा सोडली (पोटाचा त्रास), पण सहा महिन्यांत माझ्या एकाही बगमध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले नाही.

ती व्यक्ती येणार हे ऐकल्यापासून पोटात कसेतरी होते आहे. किळस म्हणावी तर कशाची ते सांगता येत नाही.

बुधवार, ४ मार्च

आली. वय चाळिशीचे. उंच. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी, काढायची राहून गेलेली. आमच्या मागच्या गल्लीत कपडे शिवायचे दुकान आहे म्हणे.

हालचाली टिपायला एक काळा घट्ट पोशाख घालावा लागतो. त्यावर पांढरे गोळे चिकटवलेले असतात आणि भिंतीवरचे बारा कॅमेरे फक्त ते गोळे बघतात. तो पोशाख आजवर कोणी धुतलेला नाही. वर्षभराच्या घामाचा वास त्या खोलीत भरून असतो. पोशाख हातात घेऊन तिने आधी उलटा केला आणि म्हणाली, काखेत कापड कमी दिलंय, हात वर केला की उसवणार. दुपारी उसवला. तिनेच टाचून दिला.

आता लिहायला लाज वाटते ते लिहितो. ती बाथरूमला गेली तेव्हा मी तिची खुर्ची रुमालाने पुसली. रुमाल कचऱ्यात टाकायला वळलो तर ती दारात उभी.

"पूस, पूस," ती म्हणाली, "माझ्या आधी कोण बसलं होतं देव जाणे. सकाळी मीसुद्धा पुसूनच बसले."

माझे कान गरम झाले. मी "अहो, तसं नाही, अहो" असे काहीतरी करत राहिलो.

"अहो अहो काय करतोस? माझी बायको आहेस का? दुकानात सगळे मास्तर म्हणतात, तूही म्हण."

म्हणून यापुढे मास्तर असे लिहीन. आदरार्थी.

गुरुवार, ५ मार्च

आज चालणे टिपायचे होते. स्प्रिंग म्हणाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. मास्तरांनी विचारले, "कुठलं चालू?"

स्प्रिंगला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. त्यांची चालणी तीन. एक रस्त्यावरचे: पिशवी छातीशी, नजर दोन पावले पुढे, वेग बरा. दुसरे दुकानातले: सावकाश, म्हणजे माप द्यायला आलेले नवे गिऱ्हाईक दचकत नाही. तिसरे, मागून कोणी येत असेल तेव्हाचे. त्यात पळायचे नाही, कारण आपण पळालो की तेही पळतात. खांदे खाली ठेवायचे आणि उजेडाच्या बाजूने चालायचे. हे सगळे मास्तर कापडाचे प्रकार सांगावेत तसे सांगत होत्या. स्प्रिंग म्हणाला, तिन्ही द्या.

तेरा वेळा टिपले. क्रमांक मी वहीत लिहीत होतो. मग माझ्या तोंडून निघाले, "आणि घरात?" का विचारले माहीत नाही.

"घरात कोण बघतं," मास्तर म्हणाल्या. मग चालल्या. त्या चालण्यात काहीच नव्हते. आतल्या खोलीतून पाणी आणायला उठावे तसे. वहीत लिहिले: चौदावे, घरातले, उत्तम. 'उत्तम' असे मी कधी लिहीत नाही.

चहाच्या वेळी त्यांनी वडिलांबद्दल सांगितले. वडील लेथवर काम करायचे. मास्तरांनी एकोणिसाव्या वर्षी घर सोडले तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते. आई गेल्यावर एकटे पडले म्हणून मास्तरांनी त्यांना आपल्याकडे आणले, त्यालाही चार वर्षे झाली. म्हातारा दिवसभर मोबाइलवर रंगीत गोळे फोडायचा गेम खेळतो आणि लागेल ते भिंतीकडे बघून मागतो. गेल्या आठवड्यात मास्तर म्हणाल्या, बाबा, मी एका गेममध्ये येणार आहे, माझं दुकान असणार आहे त्यात. म्हातारा गोळे फोडत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तोंडाकडे बघून विचारले, "आला का?" आता रोज विचारतो.

"एकवीस वर्षांत मला विचारलेला पहिला प्रश्न आहे हा," मास्तर म्हणाल्या. मग बशीतला चहा संपवून गोळे नीट बसलेत का ते बघू लागल्या.

शुक्रवार, ६ मार्च

टिपणे संपले. कापड कापणे, माप घेणे, हसणे, आवाज, सगळे. सरांनी कागदावर सही घेतली. मास्तरांनी पूर्ण वाचून मगच केली. विचारले, मी गेममध्ये नक्की कोण? सर म्हणाले, बाजारातली प्रतिष्ठित दुकानदार. खेळणारा वाट चुकला की तुमच्याकडे येणार. कागदावरही 'दुकानदार' असेच होते.

जाताना मास्तर मला म्हणाल्या, "तू लक्ष ठेवशील ना?"

मी म्हणालो, मी सगळे तपासतो. हे खरेच आहे.

सोमवार, १६ मार्च

मास्तरांचे पात्र आज बाजारात आले. तपासायला मीच घेतले.

गेम असा आहे: खेळणारा सामान पोहोचवणारा असतो. पुरुष घ्या किंवा बाई. मी नेहमी बाई घेतो, तिचा बांधा लहान असल्याने अरुंद गल्ल्या जास्त नीट तपासल्या जातात. ठरलेल्या वेळात गर्दीतून पलीकडे जायचे. वाटेत कोणाला हातातल्या वस्तूने धक्का लागला तर पाच गुण कमी होतात. छत्री, बादली, खोके, काठी, अशा चौदा वस्तू आहेत.

मास्तरांच्या पात्राला धक्का लागला तर वीस गुण वाढतात.

मी बग लिहिला, क्रमांक ३०६: 'इतर सर्व पात्रांच्या बाबतीत गुण वजा होतात, या पात्राच्या बाबतीत जमा होतात. चिन्ह उलटे पडले असावे. दर्जा दोन.' तासाभरात सरांचे उत्तर आले: 'असंच ठेवायचं आहे.' आणि बग बंद.

असेच का ठेवायचे आहे ते मला कळले नाही. ठेवायचे असेल तर तो बग नव्हे, एवढे मला माहीत आहे.

मंगळवार, १७ मार्च

आज एक चांगला बग सापडला. पात्र दुकानाबाहेर उभे असेल तर धक्का लागतो, पण आत काउंटरमागे असेल तर वस्तू आरपार जाते. ते पडत नाही, ओरडत नाही, कापड कापत राहते. कोणत्याही बाजूने गेलो तरी तेच. क्रमांक ३१२. असा लिहिला: 'काउंटरमागे उभे असताना पात्राला मार लागत नाही. इतर पात्रांप्रमाणे लागायला हवा. दर्जा दोन.' सोबत आठ दिशांचा तक्ता जोडला.

सरांनी सगळ्यांसमोर तो तक्ता पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, काम असं असतं, शिका याच्याकडून. सहा महिन्यांत पहिल्यांदा. घरी आल्यावर आईला सांगितले.

बुधवार, १८ मार्च

३१२ दुरुस्त झाला. आता काउंटरमागेही मार लागतो. काउंटरवरून पुढे कोसळते, तागा सुटून कापड डोक्यावर येते, त्यातून दोन हात बाहेर काढून टाळ्या वाजवते आणि शिव्या देते. आवाज मास्तरांचा नाही. स्प्रिंगने स्वतःचा घालून जाड केला आहे. चालणेही बदलले आहे. मी विचारले तर म्हणाला, कंबर अडीचपट केली, नाहीतर कळणार कसं ते काय आहे? सगळे तिला टाळी म्हणतात. टाळी पडली की खोलीत हसण्याची लाट येते. हिशेबवालाही आतून उठून बघायला आला.

दुरुस्ती पूर्ण तपासायची म्हणजे चौदा वस्तू, आठ दिशा, दुकानाबाहेर आणि आत. दोनशे चोवीस धक्के. सकाळी दहाला सुरुवात केली. प्रत्येक धक्क्यापुढे तक्त्यात खूण केली. शंभराच्या पुढे कधीतरी, बादली मागून लागल्यावर कापड असे काही डोक्यावर बसले की मला हसू आले. मोठ्याने. शेजारच्याने पाठीवर थाप मारली.

मग हसायचा थांबलो, पण धक्के थांबवता येत नव्हते. एकशे सोळा उरले होते. प्रत्येक वेळी घंटा वाजून वीस गुण मिळत. तोंडात सारखे आंबट पाणी येत होते. सव्वाचारला दोनशे चोविसावा झाला. बाथरूममध्ये जाऊन चूळ भरली, हात धुतले, पुन्हा धुतले. साबणाची वडी संपली.

'तपासले, योग्य' असे लिहून दिले. योग्यच होते. एकही धक्का फुकट गेला नाही.

गुरुवार, १९ मार्च

मास्तरांचे चौदावे चालणे गेममध्ये कुठेच घेतलेले नाही. मूळ टिपणात आहे. जेवणाच्या सुट्टीत ते लावून बघितले, पाय जमिनीवरून घसरत नाहीत ना एवढ्यासाठी. अकरा वेळा बघितले.

घरी आल्यावर बोळात तसे चालून बघितले. पाऊल कसे टेकते ते नीट कळावे म्हणून. चारपाच फेऱ्या झाल्या असतील. वळलो तर आई हातात घडी घातलेले कपडे घेऊन उभी. रागावली नाही. फक्त म्हणाली, "पाय आपटून चाल."

हे ती मी लहान असल्यापासून सांगते. आमच्याकडे कोणाचेच पाय दुखत नाहीत, त्यामुळे कशासाठी ते मला कधी कळले नाही. शाळेत जाताना तर दारातून ओरडून सांगायची. शाळेत चारपाच मुले माझ्या मागून एका ओळीत चालायची. मी डावीकडे वळलो की तीही डावीकडे. त्यावरून वर्ग हसायचा. तेव्हाच पोटाचा त्रास सुरू झाला.

शनिवार, २१ मार्च

मास्तरांच्या दुकानात गेलो. पँट खालून आखूड करायची होती म्हणून. (पँट बरोबर होती. दीड इंच उगाच दुमडावी लागणार.)

दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कपाट, एक आरसा आणि कोपऱ्यात खुर्चीवर म्हातारा, मोबाइल नाकाला लावून. मास्तरांनी माप घेताना विचारले, "काय म्हणतो आमचा गेम?" मी म्हणालो, चालू आहे. त्या म्हणाल्या, "दुकानाला पडदा निळा आहे ना? मी सांगितलं होतं त्यांना." पडदा निळाच आहे. तेवढे मी सांगितले. त्यांना फार आनंद झाला, म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का बाबा, निळा आहे." म्हाताऱ्याने मान हलवली.

बाहेर येऊन गटाराच्या कडेला उभा राहिलो. ओकारी येईल असे वाटले, पण आली नाही. आली असती तर बरे झाले असते.

सोमवार, २३ मार्च

धीर करून सरांच्या केबिनमध्ये गेलो. बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते. सरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, तू साधा मुलगा आहेस. लोकांना बाजारात असं कोणी दिसलं की हसू येतं, ही वस्तुस्थिती आहे, आपण ती बनवलेली नाही. उलट आपण तिला दुकान दिलं. तिला बघायला लोक पुन्हा पुन्हा बाजारात येतील. आधी कोण बघत होतं तिच्याकडे? हे प्रेमानेच केलेलं आहे.

'प्रेमाने' म्हणताना त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून दात कोरला.

तीस तारखेला गेम बाहेर जाणार. त्याआधी शेवटच्या तक्त्यावर माझी सही लागते. विकणाऱ्या कंपनीला रोज संध्याकाळी सहाला बगची यादी आपोआप जाते. त्यात पहिल्या दर्जाचा एकही बग उघडा दिसता कामा नये.

मंगळवार, २४ मार्च

तपासणीचा मोबाइल ऑफिसबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. मी तो जेवणाच्या पिशवीत घालून नेला. आजवर मी एकही नियम मोडलेला नव्हता.

मास्तरांनी चष्मा लावला, हात पुसून मोबाइल घेतला. मी बाजारापर्यंत नेऊन दिले. निळा पडदा दिसला. त्या हसल्या. मग पडद्यामागून ते पात्र बाहेर आले आणि दोन पावले चालले.

मास्तरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे माझं चालणं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मागून पोरं चालायची ना, माझी नक्कल करत, त्यांचं आहे हे. तंतोतंत."

मागून कोणी माझ्या मानेकडे बघत असावे तसे वाटले. तेवढ्यात त्यांचे बोट चुकून बटणावर पडले. छत्री लागली. कोसळणे, कापड, टाळ्या, जाडा आवाज, घंटा, वीस गुण.

कोपऱ्यातून म्हाताऱ्याने विचारले, "आला का?"

"नाही बाबा," मास्तर म्हणाल्या आणि मोबाइलवर ब्लाउजचे कापड टाकले. मला हळू आवाजात विचारले, हे कधीपासून असे आहे? खोटे सांगायला नको म्हणून मी बगची यादी उघडून दिली. वाटले होते की ३०६ वाचून त्यांना कळेल, मी विचारले होते. त्या ३०६ वाचून पुढे गेल्या. ३१२ वर थांबल्या.

"'काउंटरमागे उभे असताना पात्राला मार लागत नाही. लागायला हवा.' हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"लागायला हवा?"

मी सांगितले की बाकीच्यांना लागतो, नियम सगळीकडे सारखा हवा, म्हणून. माझे मलाच ऐकू येत होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले, ओठ हलवत.

"काउंटरच्या मागे तरी सोडलं होतं रे मला," त्या म्हणाल्या. "तिथं तुझं काय जात होतं?"

मग मोबाइल परत माझ्या पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद बांधून दिला. म्हणाल्या, "जा. सुट्टी संपली असेल तुझी."

गुरुवार, २६ मार्च

साडेअकराला मास्तर ऑफिसात आल्या. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. केबिनचे दार उघडे होते, त्यामुळे सगळे ऐकू आले. मास्तरांचा आवाज चढला नाही. सरांनी सहीचा कागद दाखवला. मास्तर म्हणाल्या, यावर दुकानदार लिहिलंय. मला दुकानदार दाखवा. कोणाला माप देते ती? कोणाला वाट सांगते? सर म्हणाले, कला वेगळी, कागद वेगळा. तेव्हा मास्तरांनी सांगितले की कागदावर खाली विकणाऱ्या कंपनीचा नंबर होता आणि काल त्यांनी तिथे फोन केला आहे.

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

मास्तरांचे मागणे दोनच होते. दुकानात उभे राहून काम करू द्या आणि बाकीच्यांना लागतो तोच नियम लावा. सर म्हणाले, चार दिवसांत एवढे बदलणे शक्य नाही. काढून टाकणे शक्य आहे. त्यांनी स्प्रिंगला हाक मारली. अकरा मिनिटे लागली. तीन दिवसांचे टिपण अकरा मिनिटांत गेले.

"काढायला नव्हतं सांगितलं मी," मास्तर म्हणाल्या.

"आता तक्रारीला जागाच नाही ना," सर म्हणाले, आणि खरोखर हसले, जसे काही दोघांचेही काम झाले.

मास्तर माझ्या टेबलाजवळून गेल्या. माझ्याकडे बघितले नाही.

मग सरांनी विचारले, बाहेर कोणी दाखवलं? सगळे आपापल्या पडद्याकडे बघायला लागले. मी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर टेबलाला टेकवून. सर म्हणाले, तुला आजच घालवला असता, पण सगळे बग तुझ्याच डोक्यात आहेत. तीस तारखेपर्यंत तू हवास, पुढचं पुढे बघू.

मी 'बरं' म्हणालो. त्या 'बरं'ची अजून शिसारी येते आहे.

शुक्रवार, २७ मार्च

पँट आणायला गेलो. मास्तरांनी ती काउंटरवर ठेवली, हातात दिली नाही. मशीनवर बसून पुन्हा शिवायला लागल्या. माफी मागायची म्हणून तीन वाक्ये पाठ केली होती. पहिले वाक्यही निघाले नाही.

म्हाताऱ्याने मोबाइल खाली केला आणि मला विचारले, "आला का?"

मी मास्तरांकडे बघितले. त्या मान खाली घालून शिवत होत्या. त्यांनी त्याला अजून सांगितलेले नाही हे मला तेव्हा कळले. सांगणार तरी काय? होते, आणि काढले? की जे होते ते बघण्यासारखे नव्हते?

मी म्हणालो, "अजून नाही. एक बग राहिलाय."

मशीन थांबले. मास्तरांनी वर बघितले नाही. मग पुन्हा सुरू झाले.

शनिवार, २८ मार्च

शेवटची तपासणी. पात्र पूर्ण निघाले आहे ना, कुठे अर्धवट हात, सावली, आवाज राहिला नाही ना, ते बघायचे होते. बाजार दोनदा फिरलो. काहीही राहिलेले नाही. स्प्रिंगने काम स्वच्छ केले आहे.

दुकान मात्र तसेच आहे. निळा पडदा, आत दिवा लागलेला, काउंटरवर अर्धे कापलेले कापड. गर्दीतली पात्रे ठरल्याप्रमाणे येतात, काउंटरसमोर उभी राहतात, कोणाशी तरी बोलल्यासारखी मान हलवतात आणि जातात. मी अर्धा तास बघत उभा होतो. कोणालाच काही खटकले नाही. ऑफिसात आज सगळे निवांत होते. स्प्रिंगने शीळ घातली.

तीन वाजता बग लिहिला.

'क्रमांक ३४७. बाजारात जा, निळ्या पडद्याच्या दुकानासमोर थांबा. काय व्हायला हवे: दुकानाची मालक काउंटरमागे असावी. तिने माप घ्यावे, वाट चुकलेल्याला वाट सांगावी. तिला धक्का लागल्यास इतरांप्रमाणे पाच गुण कमी व्हावेत. ती घरातल्यासारखी चालावी. तिचे ते चालणे टिपलेले आहे, वापरलेले नाही. काय होते: दुकान उघडे आहे आणि मालक नाही. तिची चेष्टा केली, तिने हरकत घेतली, म्हणून तिलाच काढले. यापूर्वी काउंटरमागे तिला मार लागत नव्हता. तो लागावा असा बग क्रमांक ३१२ मी लिहिला. तो बग नव्हता. दर्जा एक.'

तीन वीसला सरांनी बंद केला. खाली तेच: 'असंच ठेवायचं आहे.' मी परत उघडला. त्यांनी बंद केला. मी उघडला. मग ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. माझ्या खुर्चीला हात टेकवून वाकले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. म्हणाले, जे पात्रच नाही त्याचा बग कसा असेल? मी म्हणालो, दुकान आहे. ते म्हणाले, मग दुकान काढू. मी म्हणालो, ते काढल्यावर रिकामी जागा दिसेल, मी तिचाही लिहीन.

सरांनी स्प्रिंगला सांगितले, तू बंद कर आणि तूच सही कर. स्प्रिंगने ३४७ उघडून वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. दोनदा वाचला असावा, कारण वेळ लागला. मग म्हणाला, "मी कुठे टेस्टर आहे, सर," आणि पाण्याची बाटली भरायला गेला. त्याबद्दल त्याचे आभार मानावेत असे मला वाटत नाही. अडीचपट त्यानेच केले होते.

त्यानंतरही सर बंद करत राहिले आणि मी उघडत राहिलो. सहाला कंपनीला यादी गेली तेव्हा ३४७ उघडा होता. सहा वाजून चार मिनिटांनी सरांच्या केबिनमधला फोन वाजला. सर उभे राहून बोलत होते आणि काचेतून माझ्याकडे बघत होते. एकदा त्यांनी मला हाताने खूण केली, बंद कर, बंद कर. मी दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. फोन बराच वेळ चालला.